कुणाशीही न भांडता

या घरातून आजवर जो कोणी बाहेर पडला, तो भांडूनच पडला होता. आजोबांचा भाऊ भरल्या ताटावरून उठून गेला तो पुन्हा दिसलाच नाही. मधला भाऊ दादांपासून वेगळा झाला तेव्हा कागद कापायचं यंत्र कुणाचं, यावरून भर रस्त्यात तमाशा झाला. यंत्र दोरखंडांनी बांधून गाडीत चढेपर्यंत दोघे भाऊ एकमेकांचे पूर्वज उद्धरत होते, आणि पूर्वज दोघांचे एकच असल्यामुळे ऐकणाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली होती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

म्हणूनच गेल्या रविवारी, जेवणं आटोपल्यावर, आत्यानं हात पुसत पुसत सांगितलं, की पुढच्या रविवारी मी दुसरीकडे राहायला जातेय, चार वाजता टेम्पो येईल, तेव्हा ‘कुठे’ असं कुणी विचारलंच नाही. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला: हिला कोण काय बोललं?

आत्या अडुसष्ट वर्षांची होती. दादा तिचे थोरले भाऊ, त्यांची बायको वारली तेव्हा त्यांचा थोरला मुलगा चार वर्षांचा आणि धाकटी मुलगी एक वर्षाची. आत्या तेव्हा तेवीस वर्षांची होती. वर पोरं आणि खाली पुस्तकं, असा जिना चढण्याउतरण्यात तिची पंचेचाळीस वर्षं निघून गेली. खाली बांधणीचा कारखाना होता. छापलेले मोठे कागद यायचे, त्यांच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या व्हायच्या. घडीला फर्मा म्हणायचं. फर्म्यावर फर्मा ठेवून हातानं शिवायचं, ती जुजबंदी. ती शिवण दादांच्या नावानं ओळखली जायची. पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत त्यांचा छोटासा गोल शिक्का असे आणि लांबलांबची ग्रंथालयं तो शिक्का बघून काम पाठवत.

त्या रविवारपासून दादांनी बोलणं टाकलं. शहात्तराव्या वर्षी माणूस रुसला की घरात फर्निचर वाढल्यासारखं होतं. जिथे जावं तिथे ते आडवं येतं. थोरला बायकोला रोज विचारत होता, “तू काही बोललीस का त्यांना?” आणि सूनबाई, जी शाळेत गणित शिकवायची आणि कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती, ती गप्प होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात नर्स असलेली धाकटी कामाची पाळी संपली की रोज फोन करायची आणि प्रत्येक फोनमध्ये वहिनीच्या नावापाशी तिचा आवाज खाली यायचा. आत्याला हे ऐकू येत होतं. पण ती ट्रंक भरत होती, आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यात तिला इतकं हलकं वाटत होतं, की ऐकलेलं तिनं ऐकलं नाही असं केलं.

तर असा तो रविवार उजाडला. अडीच वाजले. दादा न बोलता पण व्यवस्थित जेवले होते. टेबलावरची ताटं उचलली जात होती, तेवढ्यात जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. आधी धाकटी वर आली, अजून इस्पितळाच्याच कपड्यांत.

“मी काकांना घेऊन आलेय,” ती दारातच म्हणाली. “कुणी ओरडायचं नाही.”

तिच्या मागून मधला आला. बहात्तर वर्षांचा, पोट सुटलेला, हातात टोपी. एकोणीस वर्षांत तो या घराच्या रस्त्यालाही फिरकला नव्हता. त्यानं आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मग नाइलाजानं थोरल्या भावाकडे.

दादांच्या तोंडून आठ दिवसांतला पहिला शब्द निघाला. “ह्याला कुणी बोलावलं?”

“तुमच्यासाठी नाही आलो,” मधला म्हणाला. सख्ख्या भावाला तो ‘तुम्ही’ म्हणत होता आणि ते शिवीसारखं ऐकू येत होतं. “बहिणीसाठी आलोय.”

“बघा!” दादांनी टेबलावर हात आपटला. “मी काय म्हणत होतो?” आठ दिवस ते काहीच म्हणत नव्हते, पण ते कुणी काढलं नाही. “ह्यानंच फूस लावली. ह्याच्याकडे चाललीय ती. यंत्र नेलंस, गिऱ्हाईकं नेलीस, आता बहीण ने!”

मधल्याचा चेहरा खुलला. तो आत्याकडे वळला. “चिमे, खरं? अगं, मग मला आधी सांगायचं नाही का? वरची खोली रिकामीच आहे. हवा आहे, उजेड आहे. रंग देऊन ठेवला असता.” लहानपणापासून दोघे भाऊ तिला चिमीच म्हणत. “माणसासारखी राहशील. इथे काय, जन्मभर ह्यांच्या—”

“मी तुझ्याकडे येत नाहीये,” आत्या म्हणाली.

मधल्याचं वाक्य तिथेच राहिलं. “मग?”

“पोस्टाच्या वर दोन खोल्या घेतल्यात.”

“कुणाबरोबर?”

“कुणाबरोबर म्हणजे? माझ्याबरोबर.”

धाकटी पुढे आली आणि तिनं आत्याचं मनगट धरलं. नाडीच बघायला लागली. “आत्या, खरं सांग. काही निघालंय का? तपासणी केलीस कुठे? आमच्याकडे येतात अशी माणसं. घरच्यांना त्रास नको म्हणून आधीच लांब जातात. वजन कमी झालंय का तुझं?”

“वाढलंय,” आत्या म्हणाली. “सोड हात. ठणठणीत आहे मी.”

“मग ठणठणीत माणूस घर सोडून का जाईल?”

हा प्रश्न टेबलावर पडला आणि सगळे त्याच्याभोवती बसले. थोरला म्हणाला, “कामाचा ताण पडला असेल, तर मी दोन माणसं वाढवतो.” मधला म्हणाला, “ताण कशाचा? अपमान झालाय तिचा. मी ओळखतो या घराला.” दादा म्हणाले, “माझ्या घरात तिला कोण बोललं, त्याचं नाव सांगा.” आणि मग, अगदी हळू, धाकटीची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, जिथे सूनबाई ताटं रचत उभी होती.

“बाहेरून आलेलं माणूसच बोललं असणार,” धाकटी म्हणाली. “आम्ही तर कधी बोललो नाही.”

“धाकटे,” थोरला म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. “मी विचारलं तिला. आठ दिवस विचारतोय. काही सांगतच नाही.”

“सांगत नाही, त्यातच सगळं आलं.”

सूनबाईनं वरचं ताट खालच्या ताटावर ठेवलं. फार सावकाश. तिनं आत्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि पुन्हा ताटांकडे बघू लागली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वर्गातल्या पोरांना ती लाली ओळखीची असणार. त्यानंतर काय होतं, हेही.

आत्याला स्वतःची लाज वाटली. जायचं ठरल्यापासून ती सगळ्या गोष्टींचा विचार करत होती, चादरी किती न्यायच्या, खिडकीला पडदा हवा का, आणि ज्या एकाच माणसानं तिला मदत केली होती ते माणूस आठ दिवस घरात तोंड मिटून बोलणी खात होतं. आपण सांगेपर्यंत सांगू नको, असं तिनंच तिला म्हटलं होतं. मग सांगितलं तेही अर्धंच. उरलेलं अर्धं सांगितलं तर आणखी एक भांडण होईल आणि ते आपल्याला झेपणार नाही, म्हणून ती गप्प बसली होती. स्वतःच्या सुखाच्या आड येईल म्हणून.

“तिला एक शब्द बोलायचा नाही,” आत्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “खोल्या बघायला ती आली होती माझ्याबरोबर. तीनदा. घरमालकिणीला ओळख म्हणून तिनंच सही दिली. मी सांगू नको म्हटलं, म्हणून ती गप्प आहे. चूक माझी आहे.”

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं. “तुला माहीत होतं?” तो बायकोला म्हणाला. “अगं, मी तुझा नवरा! रोज विचारत होतो!”

“तुम्ही रोज विचारत होतात, तू काय बोललीस,” सूनबाई म्हणाली. “आत्यांना काय हवंय, हे एकदाही विचारलं नाहीत. त्यांनाही नाही, मलाही नाही.”

“आणि तू विचारलंस?”

“हो.”

“कधी?”

उत्तर आत्यानं दिलं. “शाळेसाठी ती कादंबरी बांधली आपण, बाराशे प्रती, आठवतंय? हिनं मला विचारलं, काय आहे हो या गोष्टीत? मी सांगायला लागले. पहिल्या पानावर एक माणूस गाव सोडतो. सोळाव्या पानावर पाऊस. सतराव्यावर त्याची बायको पत्र फाडते. बत्तिसाव्यावर कुणीतरी मेलंय. कोण, ते नाही माहीत. ही हसायला लागली. मीही हसले. शिवताना फर्म्याचं वरचं आणि खालचं पानच दिसतं ना. मग ही म्हणाली, आत्या, आतलं कधी वाचणार?”

“पुस्तकं वाचायला घर सोडतेयस?” दादा म्हणाले. “इथे आण की पुस्तकं! कुणी धरलंय तुला?”

“पुस्तकांचं नाही रे, दादा.” ती खुर्चीत बसली. कसं सांगावं हे आठ दिवस तिनं मनात घोळवलं होतं आणि आता त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. “मला ताप आला होता बघ, चार महिन्यांपूर्वी. तीन दिवस पडून होते. मी पडल्यापडल्या ऐकत होते. खाली यंत्रं चालू होती. हिनं आणि थोरल्यानं मिळून स्वयंपाक केला, खारट झाला, तुम्ही सगळे जेवलात. तुझा सदरा सापडत नव्हता, मग सापडला. कुणीही मला हाक मारली नाही. मला वाटलं, आता मला वाईट वाटेल. वाट बघत होते मी वाईट वाटायची. आणि वाटलं काय, तर शाळेला सुट्टी लागल्यासारखं. एवढी मोठी सुट्टी. माझं काम संपलंय रे. नीट संपलंय. पोरं मोठी झाली, त्यांचं छान चाललंय. कामाला जुंपलेली असताना वाटायचं, म्हातारपण म्हणजे काहीतरी हिसकावून घेतात. मला तर कुणीतरी हातात काहीतरी देतंय असं वाटतंय, आणि ते मला एकटीनं बसून उघडून बघायचंय. तुम्ही कुणी वाईट नाही. मी रागावलेली नाही. मी खुशीत आहे. एवढंच.”

रागावून जाणाऱ्या माणसाचं काय करायचं हे या घराला पाठ होतं. समजूत काढायची, नाहीतर यंत्र अडवायचं. खुशीत जाणाऱ्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आधी मधला सावरला. “दोन दोन भाऊ जिवंत असताना बहीण भाड्याच्या खोलीत? लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“तुझ्या तोंडात?” दादा म्हणाले. “माझ्या घरातून जातेय ती!”

“म्हणून तर म्हणतोय! दादा, तू थोरला ना? तू तिला सांगत का नाहीस?”

“माझं ऐकते का ती? तूच सांग, तुझं ऐकायची लहानपणी.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. धाकटीला मात्र कळलं. ती काकाकडे आणि बापाकडे आळीपाळीनं बघत राहिली. एकोणीस वर्षांत जे कुणाला जमलं नाही ते आत्याच्या जाण्यानं झालं होतं. दोघे भाऊ एका बाजूला आले होते, आणि समोर ती एकटी. आत्याला हसू आलं आणि तिनं ते दाबलं नाही.

तिथेच बिघडलं. दादांना ते हसू लागलं. ते उठले, एक शब्द न बोलता जिना उतरले आणि खालून शटर ओढल्याचा तो मोठा घरघराट आला. मग कुलूप.

“टेम्पो माझ्या दाराला लागणार नाही!” खालून आवाज आला. “एक वस्तू बाहेर जाणार नाही या घरातून!”

साडेतीन वाजले होते. कारखान्याच्या मागच्या बाजूला गल्लीत उघडणारं एक अरुंद दार होतं. तिथून माणूस जाऊ शकत होतं, ट्रंक नाही.

“मी बोलतो बाबांशी,” थोरला म्हणाला.

“नको.” आत्यानं खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. त्यात चष्मा, औषधं आणि साडी होती. “ट्रंक राहू दे.”

“अगं, तुझं सगळं आहे त्यात!”

तिनं क्षणभर विचार केला. “नसेना,” ती म्हणाली, आणि आपण हे खरंच म्हणतोय, याचं तिलाच नवल वाटलं. “तुम्ही कुणी खाली येऊ नका.”

शटर बंद असल्यानं कारखान्यात अंधूक होतं. खळीचा आणि कागदाचा वास होता. दादा आपल्या शिलाईच्या मेजापाशी बसले होते, समोर फर्म्यांची चळत. दिवा लावलेला.

“जायचं तर जा,” ते वर न बघता म्हणाले. “मागचं दार उघडं आहे. माझं काय अडतंय? मी कधी कुणासाठी थांबलो नाही. उद्या द्यायचं काम आहे, ते आज करतो.”

त्यांनी पहिला फर्मा पुढ्यात ओढला आणि उशीवरची सुई उचलली.

सुईत दोरा नव्हता. कुठल्याच सुईत नव्हता. तापाचे ते तीन दिवस सोडले, तर तीन वर्षं रोज सकाळी दादा खाली यायच्या आधी दहा मिनिटं आत्या यायची, आठ सुया ओवून त्या उशीत टोचून ठेवायची आणि वर निघून जायची. दुपारी ते डुलकी काढायला वर गेले, की ती त्यांची वाकडी गेलेली शिवण उसवून पुन्हा घालायची आणि शिक्का मारून ठेवायची. या तीन वर्षांत दोघांत याबद्दल एक अक्षर निघालं नव्हतं. या आठवड्यातही तिनं ते काम चुकवलं नव्हतं. फक्त आज सकाळी ती खाली आली नव्हती.

दादांनी दोरा तोंडात धरून ओला केला. टोक सुईच्या नेढ्यापाशी नेलं. ते बाजूनं गेलं. पुन्हा नेलं. दिव्याच्या उजेडात तो हात असा थरथरत होता, की आत्याला बघवेना. तिसऱ्यांदा दोऱ्याचे पदर सुटले. त्यांनी टोक कापलं आणि पुन्हा ओलं केलं.

आत्याचे हात आपोआप उठले होते. तिनं दोन्ही हातांनी पिशवीचे बंद धरले. इथे चार पावलं पुढे झालं, तर टेम्पो रिकामा परत जाईल, आणि मग तो पुन्हा कधीच बोलावला जाणार नाही. एवढं तिला लख्ख कळत होतं.

“बघत काय उभी राहिलीस?” दादा ओरडले. “दे ओवून!”

“नाही, दादा.”

सुई त्यांच्या हातातून मेजावर पडली. बारीकसा आवाज झाला. ते तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. उघड्यावर सापडलेल्या माणसासारखे.

“तुला माहीत होतं,” ते म्हणाले.

“मीच तर ओवत होते.”

“ते नाही. मला माहीत आहे, हे तुला माहीत होतं.”

“हो.”

“पोरांना?”

“मी सांगितलं नाही.”

“मग तू गेलीस की सगळ्यांना कळेल.” त्यांचा आवाज आता अगदी खाली आला होता. “म्हणून म्हणतो, जाऊ नको. घराचं, लोकांचं, ते सगळं जाऊ दे. हे आहे ते. समजलं? तू गेलीस की सोमवारी सकाळी सगळ्यांना कळेल की म्हातारा संपला.”

आत्या येऊन समोरच्या बाकावर बसली. पिशवी मांडीवर तशीच धरून. “म्हातारा झाला, एवढंच कळेल,” ती म्हणाली. “आणि ते तर आत्ताही दिसतंय, दादा. आरशात बघ.”

दादा हसले नाहीत. “तुला सोपं आहे बोलायला. तुझं नाव नाही त्या शिक्क्यावर.”

हे मात्र तिला लागलं. तीन वर्षांची शिवण तिची होती. पण तिनं तेही गिळलं नाही. “नाही,” ती म्हणाली. “माझं नाव नाही. म्हणून मला सोडता आलं. तू ते धरून बसलायस आणि रोज घाबरतोयस. सकाळी मला उशीर झाला तर तू जिन्याकडे बघतोस, मला दिसतं ते. असं अजून किती वर्षं? मला नाही करायचं आता, दादा. आणि तूही करू नयेस असं मला वाटतं.”

दादांनी दोन्ही तळवे फर्म्यावर सपाट ठेवले. हात थांबायला वेळ लागला. मग त्यांनी मान वर करून हाक मारली, “थोरल्या!”

“काय, बाबा?” आवाज फार जवळून आला. जिन्याच्या वळणावर चौघेही उभे होते.

“ऐकलंच असेल. पण मी सांगतो.” त्यांनी घसा साफ केला. “मला सुई ओवता येत नाही. तीन वर्षं झाली. जुजबंदी तुझी आत्या करते आणि शिक्का माझा पडतो.”

थोरला दोन पायऱ्या खाली आला. “माहीत आहे, बाबा,” तो म्हणाला. “गाठ वेगळी पडते. आत्याची गाठ आतल्या बाजूला असते.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

आणि मधला, ज्याला कुणीच काही विचारलं नव्हतं, टोपी हातात फिरवत म्हणाला, “माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही. वर्ष झालं. घरी नाही सांगितलेलं.”

सगळे त्याच्याकडे वळले.

“म्हणूनच तुझ्या पुस्तकांच्या कडा वाकड्या असतात,” दादा म्हणाले. “मला वाटायचं, यंत्र हलवलं म्हणून.”

पहिली हसली ती धाकटी. हसता हसता ती रडायलाच लागली आणि सूनबाईनं, जिला तिनं तासाभरापूर्वी बाहेरची म्हटलं होतं, तिच्या हातात रुमाल दिला. धाकटीनं तो घेतला. “वहिनी, मी—” ती म्हणाली. “नंतर,” सूनबाई म्हणाली. तिला माफ करायची घाई नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

बाहेर भोंगा वाजला. चार वाजले होते.

दादांनी खिशातून किल्ली काढली. तिच्याकडे बघितलं. “मी उघडणार नाही,” ते म्हणाले, आणि ती मेजावर ठेवून पाठ फिरवून बसले.

किल्ली सूनबाईनं उचलली. शटर वर गेलं, दुपारचं ऊन एकदम मेजापर्यंत आलं. थोरल्यानं आणि मधल्यानं मिळून ट्रंक उतरवली, वळणावर दोघांचं धरण्यावरून वाजलंही. आत्या दादांच्या मागे जाऊन उभी राहिली.

“येते.”

“परत आलीस तर जागा असेलच, असं समजू नको.”

“बरं,” आत्या म्हणाली, आणि निघाली.

पोस्टावरच्या खोल्यांत पहिल्या सकाळी ती पाच वाजता दचकून उठली आणि कुणाचं काय अडलंय ते ऐकत राहिली. कुणाचंच काही अडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रडली, चांगली अर्धा तास. परत जावं, असंही वाटलं. मग रडू संपलं आणि भूक लागली. सूनबाई शाळेतून येता येता डोकावायची. तिनंच सांगितलं, की थोरल्यानं ग्रंथालयांना खरं काय ते कळवलं, दोन ठिकाणची कामं गेली आणि बाकीची राहिली, नवीन शिवणारी बाई घेतलीय, आणि बाबा तिच्या मागे उभे राहून चुका काढतात. दादा स्वतः आले नाहीत. निरोपही नाही. आत्यानंही पाठवला नाही. ते मात्र तिला बोचत होतं. मोकळं वाटणं आणि बोचणं, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे तिला नव्यानं कळत होतं.

सतराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, जिन्यावर जड पावलं वाजली. दर चार पायऱ्यांना थांबत होती. कामाच्या दिवशी या वेळेला दादा कारखान्याबाहेर असल्याचं तिला आयुष्यात आठवत नव्हतं.

ते दारात उभे राहून धापा टाकत होते. आत्या खिडकीपाशी बाकावर बसली होती. ती उठली नाही. सवयीनं गुडघे हलले, पण ती बसून राहिली.

दादांनी दोन्ही खोल्या हिंडून बघितल्या. “नळ गळतोय,” ते आतून म्हणाले. “भिंतीला ओल आहे.” बाहेर येऊन म्हणाले, “चहा?”

“आतच आहे सगळं. कर की. मलाही घे.”

त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं त्यांना विमान चालवायला सांगितलं होतं. मग ते आत गेले. बराच वेळ डबे वाजत राहिले. चहा आला तो फार गोड होता आणि बशीत सांडलेला होता. आत्यानं तो प्यायला.

खाली पोस्टाची गाडी आली होती. दोन माणसं पोती उतरवत होती, एकजण मोजत होता आणि सारखा चुकत होता. दादा कप घेऊन उभेच होते.

“दिवसभर काय करतेस?” त्यांनी विचारलं.

“आज? अजून काही नाही.”

“कंटाळा नाही येत?”

“येतो कधीकधी. बरा असतो.”

दादांनी दाराकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. खालच्या माणसाची मोजणी पुन्हा चुकली आणि त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

“जरा सरक की,” दादा म्हणाले.